नाना सोडून सगळे

आपला गुडघा दुखतो, ही गोष्ट नानाकाकांनी घराबाहेर फक्त एकाला सांगितली होती, ती म्हणजे मस्कतच्या धाकट्या भावाला, फोनवर. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात आली. मग तेलाची आली. आठवडा संपायच्या आत थेट सांधा बदलून देणाऱ्यांची आली, तीही बिनव्याजी हप्त्यांत. “सांगितलं मस्कतला आणि कळलं अमेरिकेला!” नाना म्हणाले. त्या दिवसापासून ते फोनसमोर लंगडेनासे झाले.

नाना पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. छापील कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे त्यांचं व्रत आहे. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी पुढे केल्या आणि सगळ्या देशाने निमूट ‘मान्य’वर बोट ठेवलं, तेव्हा नानांनी त्या अटी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणल्या आणि समासात लाल पेनने शेरे मारले. ‘खुलासा व्हावा.’ ‘कोणाच्या परवानगीने?’ एका ठिकाणी नुसतंच ‘अरे वा!’ वास्तविक आपण काय लिहितो ते व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०१६पासूनच कुलूपबंद आहे, ते कंपनीलाही वाचता येत नाही. पण हे नानांना सांगायची हिंमत घरात कोणात नव्हती. गुडघा त्यांच्या बाजूने साक्षीला उभा होता.

त्या दिवसांत माझा भाचा सांगलीला आमच्याकडेच होता. कंपनी पुण्यात आणि काम आमच्या माळ्यावर. तो म्हणाला, “नानाआजोबा, एवढं आहे तर आपण आपलाच सर्व्हर टाकू.” दुकान टाकू म्हणावं, इतक्या सहज म्हणाला.

त्याने समजावून सांगितलं ते असं. मॅट्रिक्स नावाची एक पद्धत आहे, २०१४मध्ये निघालेली. तिचा कोणी एक मालक नाही. ज्याला हवं त्याने आपल्या घरी सर्व्हर बसवावा, आपल्या माणसांना त्यावर खाती द्यावीत, आणि वाटलं तर जगातल्या दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवरच्या माणसाशीही बोलावं. सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर सिनॅप्स, मोबाइलवरचं अ‍ॅप एलिमेंट, दोन्ही फुकट. फ्रान्सच्या सरकारने २०१९मध्ये आपल्या नोकरवर्गासाठी याच पद्धतीवर ‘चॅप’ सुरू केलं. जर्मन लष्कराचा मेसेंजरही यावरच चालतो.

“जर्मन लष्कर?” नानांचा चेहरा उजळला.

“दोन्ही महायुद्धं हरले ना ते?” आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली.

तरी ठराव मंजूर झाला. घाईचं कारण वेगळंच होतं. गावभागातला आमचा वाडा बिल्डरला द्यायचा विषय निघाला होता, आणि त्यावर मस्कत, डोंबिवली, सांगली असा त्रिपक्षीय पत्रव्यवहार सुरू व्हायचा होता. ही बोलणी बाहेर फुटता कामा नयेत, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. वाड्याच्या बाबतीतलं ते पहिलं आणि शेवटचं एकमत.

अडचण आली ती पत्त्याची. भाचा म्हणाला, “आजोबा, इंटरनेटवर आपल्या घराला स्वतःचा पत्ता नाही. इंटरनेटवाल्या कंपनीने एकाच पत्त्यावर कितीतरी घरं कोंबली आहेत. त्यामुळे आपल्याला आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला आपल्याकडे येता येत नाही.” नाना उठले, कपाटातून आजोबांच्या नावचा सिटी सर्व्हेचा उतारा काढून आणला आणि त्याच्या लॅपटॉपवर ठेवला. “ह्या घराला पत्ता नाही?” कायमचा पत्ता हवा तर दरमहा वेगळे पैसे पडतात, हे कळल्यावर त्यांनी “मग आम्ही घरपट्टी कशाची भरतो?” असा सवाल केला. त्याचं उत्तर इंटरनेटवाल्यांकडेही नव्हतं आणि महापालिकेकडे तर नसतंच.

मग नावाचा घोळ. सर्व्हरला नाव द्यावं लागतं, आणि सिनॅप्समध्ये ते एकदा दिलं की पुढे बदलता येत नाही. सगळ्यांची खाती त्या नावाला चिकटलेली असतात. आडनावाने ठेवावं तर लेकी परक्या होतात. वाड्याच्या नावाने ठेवावं तर वाडाच पाडायचा आहे. चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी आत्या म्हणाली, “नाव बदलता येत नाही म्हणून एवढं डोकं चालवताय. माझं लग्नात बदललं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून मोकळे झाले. कुणी मला विचारलंसुद्धा नाही.” यावर सभा बराच वेळ गप्प होती. सर्व्हरला पणजीचं माहेरचं नाव मिळालं.

सर्व्हर म्हणजे तळहाताएवढी पाटी, रास्पबेरी पाय नावाची. गावभागात कुठलीही वस्तू ठेवायची तर आधी भिंतीवरच्या पुराच्या रेघा बघतात. आमच्याकडे २००५ची रेघ आहे आणि २०१९ची आहे. त्या वर्षी आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तेव्हा सर्व्हर वरच्या मजल्यावर हे ठरलंच. वर इन्व्हर्टरचा पॉइंट एकाच ठिकाणी, देवघरात. म्हणून आमची खासगी बोलणी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मध्ये बसून जगभर जाऊ लागली. सर्व्हर बसवला त्याच वर्षी, जुलैत, पाणी पुन्हा आलं. सर्व्हर कोरडा राहिला, लाइट गेली, इन्व्हर्टर अर्ध्या दिवसात दमला. आम्ही विश्रामबागेत पाहुण्यांकडे बसून सर्व्हरची चौकशी एकमेकांकडे व्हॉट्सअ‍ॅपवर करत होतो.

आता ओळख पटवण्याबद्दल. दोन फोन एकमेकांना खरे मानायच्या आधी दोन्हींवर सात-सात चित्रं उमटतात. ती तंतोतंत जुळली तर मधे कोणी तोतया बसलेला नाही असं समजायचं. चित्रं अर्थातच दुसऱ्या मार्गाने पडताळायची असतात, म्हणून आत्याने डोंबिवलीच्या माझ्या बहिणीला साधा फोन लावला आणि ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर टाकला.

“माझ्याकडे हत्ती. तुझ्याकडे?”

“हत्ती.”

“केळं.”

“केळं.”

“अस्वल आहे. बरं नाहीये त्याला, डोळ्यांखाली काळं आलंय.”

“आत्या, तो पांडा आहे.”

“मग जुळलं की नाही?”

सातवं चित्र सांताक्लॉजचं होतं. आत्याने त्याचं वर्णन ‘दाढीवाला, लाल टोपी, तुझ्या सासऱ्यांसारखा’ असं केलं. पलीकडे सासरे चहा घेत होते. हे चाललं असताना शेजारच्या जोशीकाकू कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “तुमच्याकडे लॉटरी-बिटरी लावतात का हल्ली?”

मात्र ४ ऑक्टोबर २०२१ची रात्र आमची होती. रात्री नवाच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सगळं एकदम बंद पडलं. त्यांच्याच माणसांनी दुरुस्तीसाठी दिलेल्या एका हुकमाने त्यांचेच पत्ते इंटरनेटवरून नाहीसे झाले होते आणि सगळं सुरळीत व्हायला सहाएक तास लागले. पितृपक्ष चालू होता. लोकांचा त्या रात्री पितर सोडून कोणाशीच संपर्क नव्हता. आमच्या देवघरातला हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. नाना रात्री एकपर्यंत जागे राहून सगळ्यांना ‘आमचे चालू आहे’ असा संदेश पाठवत होते. हा विजय दहाच दिवस टिकला. खंडेनवमीला आत्याने घरातली अवजारं पुजली, विळी, कात्री, नानांचा पाना. सर्व्हरलाही हळदकुंकू लावून वर झेंडूचं घसघशीत फूल ठेवलं, ते नेमकं पंख्याच्या तोंडावर. दुपारपर्यंत यंत्र तापून बेशुद्ध. फेसबुकचं काय बिघडलं ते जगभरच्या पेपरांत आलं. आमचं, प्रसाद काढून ठेवल्यावर सापडलं.

नवीन वर्ष लागल्यावर आणखी एक प्रकार झाला. कुलपाची किल्ली म्हणून प्रत्येकाला एक लांबलचक अक्षरमाला मिळते, चार-चार अक्षरांचे गट करून दिलेली. फोन बदलला आणि ती हरवली, तर जुने संदेश देवालाही उघडत नाहीत. नानांनी ती सर्वांत सुरक्षित जागी लिहून ठेवली होती, कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली. जानेवारीत कालनिर्णय रद्दीत गेलं आणि फेब्रुवारीत नानांचा फोन हौदात पडला. त्यांनी बिल्डरला, भावांना आणि माझ्या बायकोला लिहिलेलं सगळं आजही सर्व्हरवर आहे, पण खुद्द नानांनाच ते वाचता येत नाही. माझ्या बायकोची त्याबद्दल काही तक्रार नाही.

सकाळचे गुलाब हा वेगळाच जाच. दहा जणांनी दहा खोल्यांत तेच गुलाबाचं चित्र ‘शुभ सकाळ’ म्हणून चढवलं, की प्रत्येक प्रत वेगळ्या किल्लीने कुलूपबंद होते. सर्व्हरला हा तोच गुलाब आहे हे कळायची सोय नाही. तो बिचारा दहाही निष्ठेने सांभाळतो. गुप्ततेची जी काही किंमत असते, ती आम्ही मुख्यतः गुलाबांपायी मोजली. डिस्क दोनदा बदलली.

मे २०२३मध्ये केंद्र सरकारने काश्मीरमधले अतिरेकी वापरतात म्हणून चौदा मेसेंजर अ‍ॅपवर बंदी घातली. यादीत एलिमेंट होतं. भाच्याने सांगितलं की पद्धत एक आहे आणि अ‍ॅप अनेक, आपण दुसरं घेऊ, आपल्याला कोण विचारतंय. पण नानांनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली. उभ्या आयुष्यात पाटबंधारे खात्याने त्यांची दखल घेतली नव्हती. आता खुद्द दिल्लीला संशय होता.

या सगळ्या काळात भाच्याचं वजन मात्र वाढत चाललं होतं. आधी मला वाटलं, घरचं जेवण. मग लक्षात आलं की डोंबिवलीहून चिरोटे येतायत, मस्कतहून खजूर, आणि माझ्या बायकोने कधी नव्हे ते डिंकाचे लाडू वळलेत. कारण सर्व्हर त्याच्या हातात होता. संदेश त्यालाही वाचता येत नाहीत, हे त्याने सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. पण कोण कोणाशी, किती वाजता आणि किती वेळ बोललं, हे सर्व्हरच्या नोंदीत राहतं. वाड्यात ओटीवरच्या चपला बघून आत कोण बसलंय ते कळायचं. आत काय चाललंय ते कान देऊन ऐकायची गरज पडायची नाही. मस्कतच्या काकूने आणि डोंबिवलीच्या बहिणीने बिल्डर येण्याच्या आदल्या रात्री दोन वाजता दोघींचीच एक खोली उघडली, एवढं कळल्यावर मजकूर वाचायचाय कोणाला? अमेरिकेतल्या कंपनीला हेच कळलं असतं, तर तिने फार तर झोपेच्या गोळ्यांची जाहिरात पाठवली असती. भाच्याने नुसतं “मावशी, जागी होतीस वाटतं” म्हटलं आणि चिरोट्यांचा दुसरा डबा आला.

त्यातच या पद्धतीची एक गंमत बाहेर आली. खोलीतलं बोलणं कुलपात असतं, पण खोलीचं नाव उघड्यावर. आमच्याकडे एका खोलीचं नाव निघालं, ‘नाना सोडून सगळे’. सदस्य खरोखरच नाना सोडून सगळे होते, आत्यासुद्धा. भाचा ते नानांना सांगणार नव्हता. पण नाना एकदा त्याच्या मागे उभे राहून, हेडक्लार्कच्या सवयीने, पडद्यावरची यादी वाचत होते.

ते काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी स्वतःची एक खोली उघडली, नाव ‘फक्त नाना’. तिच्यात ते एकटेच असतात आणि रोज काहीतरी लिहितात. काय लिहितात, या काळजीने मस्कतपासून डोंबिवलीपर्यंत कोणाला झोप नाही. वाड्याचा विषय सध्या मागे पडलाय.

गेल्या महिन्यात भाच्याने लग्न ठरवलं. मुलगी बेळगावची, दोन वर्षांची ओळख, आणि घरात कोणाला सुगावा नाही. सर्व्हरच्या नोंदीत तर कुठेच नाही. आत्याने त्याला समोर बसवलं. “बोलत कुठे होतास रे तिच्याशी?”

“व्हॉट्सअ‍ॅपवर,” तो म्हणाला.

“आणि आम्हाला इथे आणून बसवलंस?”

“आजी, तिथे अब्जावधी माणसं आहेत. माझ्याकडे बघायला वेळ कोणाला आहे?”

आत्याने थोडा विचार केला आणि आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. “मग मलाही परत तिकडे घाल. तुझ्या आईबद्दल बोलायचंय मला.”