माझ्या लॅपटॉपवर चालतं

भाचा लातूरहून पुण्याला शिकायला आला तेव्हा त्याच्याजवळ एक बॅग आणि बेसनलाडवांचा डबा होता. आता तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्याजवळ अकरा प्रोजेक्ट आहेत. सगळे ‘नव्वद टक्के झालेत, मामा.’ उरलेले दहा टक्के हातात घ्यावेत, तोवर बाराव्याची कल्पना सुचते.

मागे त्याने वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली, ‘माझी वेबसाइट बघा.’ दाजींनी बांधावर उभं राहून ती दहा वेळा दाबली. उघडेना. शेवटी ते मोबाइल घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. लिंक होती लोकलहोस्टची. माझ्यासारख्या अडाण्यांसाठी सांगतो, लोकलहोस्ट म्हणजे 127.0.0.1, आणि या पत्त्याचा अर्थ ‘हेच यंत्र’. जो उघडेल त्याचं! लग्नपत्रिकेत कार्यालयाच्या जागी ‘आपल्या राहत्या घरी’ छापावं आणि पाहुण्यांनी नटूनथटून आपापल्या ओट्यावर बसून राहावं, तसला प्रकार. हे कळल्यावर भाचा एवढंच म्हणाला, ‘पण माझ्या लॅपटॉपवर चालतं.’

मशीन लर्निंगही उरकलं आहे. टायटॅनिक 1912 साली बुडाली. कोण वाचलं, कोण गेलं, हे तेव्हाच कळलं. तरी हा मुलगा रात्री दोनपर्यंत जागून, तिकिटाचा वर्ग आणि वय बघून, कोण वाचेल याचं भाकीत करतो. शिकाऊंना देतात त्या यादीत 891 प्रवासी आहेत. जगभरची पोरं त्याच 891 जणांना रोज बुडवतात आणि वर काढतात. ‘ऐंशी टक्के आले!’ असं तो फोनवर ओरडला, तेव्हा आजीला वाटलं निकाल लागला. तिने देवापुढे साखर ठेवली.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. यंदा दाजींचं सोयाबीन पिवळं पडलं, याचं गिटहब मात्र हिरवंगार. खोदून विचारलं तेव्हा पिकाचं रहस्य कळलं. रीडमी फाइलमध्ये आज स्वल्पविराम घालायचा, उद्या काढायचा. मी हसलो, तर त्याने लिनस टोरवाल्ड्स काढला. 1991 साली, एकविसाव्या वर्षी, हेलसिंकीत शिकता शिकता त्याने छंद म्हणून लिनक्स सुरू केलं. ज्याच्यावर हे हिरवे चौकोन उगवतात ते गिटही त्याचंच, 2005 सालचं. ‘लिनक्ससुद्धा साइड प्रोजेक्टच होतं, मामा.’ यावर काय बोलणार? त्याचंही गणिताचं एम-थ्री राहिलं होतं का, एवढं मी विचारून घेतलं.

उन्हाळ्यात हिंजवडीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. स्टायपेंड शून्य, बसचा पास मामाकडून. पहिले तीन आठवडे पासवर्ड मिळण्याची वाट पाहण्यात गेले. तेवढ्यात कॅन्टीनचा मेनू पाठ झाला. मग काम आलं. एका पानावर ‘रिसीव्ह’च्या स्पेलिंगमध्ये आय आणि ई उलटे पडले होते, ते सरळ करायचे. ती दोन अक्षरं दोन सिनिअरांनी तपासली, तिसऱ्याने शेरा मारला, चौथ्या दिवशी मंजुरी आली. रेझ्युमेतल्या इंग्रजीचं मराठी केलं तर या कामाला ‘ग्राहकाभिमुख प्रणालीतील दोषांचे निर्मूलन’ म्हणतात.

त्या दोन पानी रेझ्युमेत एक गोष्ट मात्र नाही. हा जेवतो त्या मेसच्या काकूंचं महिनाअखेरीला खाड्यांवरून पोरांशी हमखास वाजायचं. पोरगं म्हणे सहा खाडे, वहीत चार. एका रविवारी याने बसल्या बैठकीला मोबाइलवर उघडेल असं साधं पान करून दिलं. नाव दाबलं की खाडा लागतो. सकाळी दहानंतर लागत नाही, हा काकूंचा कायदा. सात महिने झाले, बिनबोभाट चाललंय, आणि तेही काकूंच्या मोबाइलवर. हे रेझ्युमेत का नाही, असं विचारलं तर म्हणाला, ‘त्यात एआय कुठाय, मामा?’

काकू तेव्हापासून रविवारच्या फीस्टचे पैसे त्याच्याकडून घेत नाहीत. आमच्या घराण्यातली सॉफ्टवेअरवरची ही पहिली कमाई. परवा गुलाबजाम होते.