हळदीवरचे काळे पट्टे

धुळ्याकडच्या लग्नात हळदीचा व्हिडिओ काढायला हल्ली फोटोग्राफर लागत नाही, चुलतभावाचा मोबाईल पुरतो. व्हिडिओत खोट निघाली की मात्र अख्खी भाऊबंदकी लागते. आमच्या नवरदेवाच्या अंगावरून काळे पट्टे वर सरकताना दिसले. “हाई काय शे रे भो?” आजोबांनी विचारलं. काकूंनी दृष्ट ठरवली आणि मीठ-मोहरी ओवाळली, तीही मोबाईलवरून. मामांनी मांडववाल्याचे पैसे कापायची तयारी केली.

त्यात मामा सत्याच्या जवळ होते. आपली वीज ५० हर्ट्‌झची. प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शून्यावर येते, म्हणून चोकवाली ट्यूब आणि मांडवातले स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंदावतात. डोळ्याला पत्ता लागत नाही. मोबाईल चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो, काहींच्या अंधार. वर तो सेकंदाला ३० चित्रं घेतो, हे अमेरिकेच्या ६० हर्ट्‌झचं माप. शंभराला तिसाने भागा, बाकी उरते; तीच नवरदेवाच्या अंगावरून फिरते. दूरदर्शनचं माप २५ चित्रांचं, तिथे भाग पुरता जातो.

हे पन्नास येतात कुठून? भुसावळजवळ दीपनगरला जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिडही देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, तेव्हापासून जळगावची ट्यूब आणि मदुराईची ट्यूब एकाच तालावर चालतात. राष्ट्रीय एकात्मतेचं इतकं काटेकोर उदाहरण दुसरं नसेल! भारनियमनाच्या काळात हा प्रश्नच नव्हता म्हणा. तेव्हा चित्रभर एकच काळा पट्टा असायचा.

जुना हॅलोजन बरा होता. त्याची तापलेली तार विझायला उसंतच मिळत नसे. नवरदेव घामाघूम व्हायचा, पण सलग दिसायचा.

तेव्हा मंडळी, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फ्लिकर’ शोधा आणि ५० हर्ट्‌झ निवडा. शटर हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. स्लो मोशनला मात्र यातलं काही पुरत नाही, त्यात उजेड धडधडतोच. त्याचाच हट्ट असेल तर हळद भर दुपारी उघड्यावर लावा. मे महिन्यात. जळगावला.