मा. तीन पाच, आठ पाच साहेबांस अनावृत पत्र

मा. तीन पाच फॅट, आठ पाच एसएनएफ साहेब,
मुक्काम : गावोगावचं दूध संकलन केंद्र



सरकारं आली-गेली, दुग्धविकासाचे मंत्री बदलले, आपली खुर्ची मात्र तसूभर हलली नाही, याबद्दल प्रथम अभिनंदन. अन्न सुरक्षेच्या नियमात गाईच्या दुधाला 3.2 फॅट आणि 8.3 एसएनएफ (फॅट सोडून उरणारा घन भाग) चालतो म्हणे. पण नियम दिल्लीत राहतो आणि आपण आमच्या केंद्रावर, तेव्हा शब्द आपलाच चालायचा.

आपली न्यायबुद्धी काय वर्णावी! दूध आपल्यापेक्षा एक पॉइंट वर गेलं तर बक्षीस पैशांत. एक पॉइंट खाली घसरलं तर कपात रुपयात. मे महिन्याच्या उन्हात गाय धापा टाकते, चारा सोडते, फॅट उतरते. हिरवं जास्त आणि कडबा कमी पडला तरी उतरते. आपण कारण विचारत नाही, फक्त आकडा दाखवता. एचएफ गाय घ्या, बादली भरेल, असं सांगायला तुमचीच माणसं गोठ्यात आली होती. बादली भरली. दूध पातळ असतं, हे तुम्ही मशीनवर सांगितलंत, तेही गाईचे हप्ते सुरू झाल्यावर.

आपले बंधू वजनकाटे हेही मोठ्या मनाचे. 100 मिलीच्या टप्प्याने मोजणारा काटा वरच्या ऐंशी-नव्वद मिलीला ओळखच दाखवत नाही. 10 मिलीचा काटा मागितला, तर आम्ही हावरे.

जुलै 2023 मध्ये आपल्याच नावाने लिटरला किमान 34 रुपये दर जाहीर झाला. नोव्हेंबरपर्यंत खासगी डेअऱ्यांनी तो 27 च्या आसपास आणून ठेवला. मग सरकारला दया आली: आधी लिटरला 5 रुपये अनुदान, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ते 7 झालं. अट एवढीच होती की गाईच्या कानातला बारा अंकी बिल्ला, आधार आणि बँकेचं खातं एकमेकांशी जुळलं पाहिजे. गाय लगेच जुळली. मी कुठेच जुळले नाही. धार माझ्या हातची असली तरी खातं मालकांच्या नावावर. 2024 च्या जुलैत अकोले तालुक्यातल्या कोतुळला लोक लिटरला 40 रुपये दरासाठी धरणं धरून बसले होते. बहुधा गोठ्यात काम उरलं नसावं.

साहेब, मोजण्यात आपला देश कच्चा नाही. 2023-24 मध्ये 23.93 कोटी टन दूध झालं, माणशी रोज 471 ग्रॅम, हे ग्रॅमपर्यंत ठाऊक आहे. मग याच हुशारीने आणखी थोडं मोजा. गाय आटते तेव्हा तिच्या पेंडीचं पोतं कुठल्या पैशातून येतं? दर दहा दिवसांच्या पगारातून पशुखाद्याची उचल आणि हप्ता कापला की हातात काय राहतं? दगडी होऊन एक सड गेला, औषध चालू असताना दूध ओतून द्यावं लागलं, ते दिवस कुठल्या रकान्यात लिहायचे? गोऱ्हा झाला तर त्याला पोसायचं कुणी? पहाटेच्या शेणापासून रात्रीच्या वैरणीपर्यंत बाईचे तास धरून मजुरी लावली, तर लिटर कितीला पडतो? आणि शेवटचं, सगळ्यात सोपं: घरातला पोरगा गोठ्यात थांबायला तयार आहे, की चाकणच्या कंपनीत बारा तास उभं राहणं त्याला परवडतं?

धंदा टिकणार की नाही, हे या आकड्यांवर ठरतं. आपण मोजता ते फक्त दूध. उसाला एफआरपी आहे, गहू-सोयाबीनला निदान कागदावर हमीभाव आहे. दुधाला त्या यादीत जागा नाही. तिथे आपण एकटे सगळं सांभाळता. आणि कसं सांभाळता पाहा: एसएनएफ कमी म्हणून दर कापता, दर कमी म्हणून आम्ही पेंड कापतो, पेंड कमी म्हणून एसएनएफ उतरतो, की आम्ही पुन्हा आपल्याच दारात. दूध खराब आहे हे सिद्ध करायला आपल्याला दुसरा साक्षीदार लागतच नाही.

तरी नम्र विनंती की, आम्हाला लावता तोच नियम एकदा आपल्या दरालाही लावावा. चारा-पेंड, औषध, आटलेले महिने आणि घरच्या बाईची मजुरी वजा जाऊन काही उरलं, तर दर पास. नाही उरलं, तर पॉइंटमागे एक रुपया कापावा; या खेपेला मात्र आमच्या पगारातून नको.

आपली,
दोन गाईंची बिनपगारी मालकीण

ता. क. उत्तर पाठवलंत तर गाईच्या बारा अंकी नंबरावर पाठवा. सरकारदरबारी तिचाच पत्ता लागतो.