पसरेल त्याची जमीन

रा. रा. पुदिनाराव यांस, सा. न. वि. वि.

आपण आमच्या परसात आलात ते बाजारातल्या जुडीतून. चटणीसाठी पाने खुडून झाली, उरलेल्या काड्या सासूबाईंनी पेल्यात ठेवल्या, त्यांना पांढऱ्या मुळ्या फुटल्या आणि कोथिंबिरीच्या वाफ्याच्या कडेला आपल्याला वीतभर जागा मिळाली. आज तिथे कोथिंबीर शोधावी लागते. कसेल त्याची जमीन, हे आम्ही कूळकायद्यापासून ऐकून आहोत; पसरेल त्याची, ही दुरुस्ती मात्र आपण परस्पर करून घेतलीत. अभिनंदन!

वर सगळा साळसूदपणा: मऊ पाने, थंड वास. खाली मातीत बोटभर खोलीवर आडवी खोडे पळवायची आणि पेरापेराला मुळे धरायची. खुरप्याने तोडावे तर एकाचे चार. पेराचा एक तुकडा ओल्या मातीत राहिला तरी आपले बिऱ्हाड पुन्हा थाटलेले. वैशाखात आपण करपलात, तेव्हा घरात सगळ्यांना हायसे वाटले होते. मृगाच्या सरी पडल्या आणि आपण मिरचीच्या बुंध्याशी हजर! बिचारा गवती चहा. इतकी वर्षे एका जागी आपले बेट वाढवत बसला, त्याला ही अक्कल सुचली नाही.

घराणे तरी केवढे! ग्रीक पुराणात पाताळाच्या राजाचा मिंथी नावाच्या अप्सरेवर जीव जडला, म्हणून राणी पर्सेफोनीने तिला पायाखाली तुडवले आणि तिचा पुदिना झाला, म्हणतात. पुदिना तुडवून संपत नसतो, हे त्या बाईंना कुठून ठाऊक असणार? पाताळात वाफे नसावेत. आपले जपानी चुलतभाऊ बाराबंकीकडे शेतेच्या शेते व्यापून आहेत. पण ते निदान मेंथॉल देतात, बामाच्या बाटलीत जातात. आपण काय देता? आठवड्याला चार चमचे चटणी.

तर नोटीस अशी. येत्या रविवारी वाफा कुदळीने खणून माती हाताने चाळली जाईल, शेवटच्या पेरापर्यंत. उपटलेला माल कंपोस्टच्या खड्ड्यात जाणार नाही, कारण तिथे आपण खत न होता वसाहत करता; तो गच्चीवर पत्र्यावर कडकडीत वाळेल. यापुढे आपला मुक्काम कुंडीत, कुंडी विटांवर, विटा फरशीवर. बुडाच्या भोकातून माती गाठण्याची आपली हातोटी आम्ही जाणतो. काठावरून लोंबणारी फांदी त्याच दिवशी छाटली जाईल, तुरे येण्याआधी शेंडे खुडले जातील.

तळ कापलेली बादली वाफ्यात फूटभर पुरून तिच्यात ठेवा, अशी आपल्या वतीने घरातून रदबदली झाली होती. फेटाळली. काठ दोन बोटे वर ठेवला, तरी आपण तो ओलांडाल.

आपली,
घरमालकीण

ता. क. वाळवणातून एक टोपली वगळली आहे. समोरच्या वहिनींनी एक काडी मागितली होती, त्यांना मुळ्यांसकट टोपलीभर पाठवत आहे. त्यांचा वाफा आमच्यापेक्षा मोठा आहे.