नळाला उजनी, घरात समुद्र

सोलापुरात नळाला उजनी धरणाचं पाणी यायचं ते चार-पाच दिवसांनी. आलं की घरोघरी पिंपं, हंडे, बादल्या मांडल्या जातात. समुद्रकाकांच्या घरी आधी आरओ सुरू होतो, तोही टाकीसाठी. उरलेल्या उजनीत संसार.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. शोकेस काढून तिथं काचेची टाकी बसवली आणि समुद्र घरात घेतला. दर लिटरला पस्तीस ग्रॅम खास मीठ. स्वयंपाकघरातलं चालत नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४३ अंशांवर असतो, टाकीत मात्र २५. चिलर तिच्यासाठी, गच्ची बाकीच्यांसाठी. काकू म्हणतात, "पुढच्या जन्मी मासाच होते बघा."

सकाळी चहाआधी काका कॅल्शियम तपासतात. ४२०च्या खाली उतरलं, की घरात सुतक. आल्यागेल्याला ते समजावून सांगतात : प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी. इवल्या तोंडांची ही वसाहत पाण्यातलं कॅल्शियम घेऊन आपला सांगाडा बांधते. अंगात शेवाळ भाडेकरू. अन्न तेच पुरवतं, बराचसा रंगही त्याचाच. पाणी तापलं की भाडेकरू बाहेर आणि प्रवाळ पांढराफटक.

एवढं ऐकून पाहुणा टाकीत वाकून बघतो. तिथं दोन क्लाउनफिश असतात. प्रवाळ एकही नाही.

कारण १९७२चा वन्यजीव कायदा. दगडी प्रवाळ २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसले. एकानं हळूच सुचवलं होतं, "आणून देतो की काका, फक्त बिल मिळणार नाही." काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. ज्याला बिल नाही तो माल नाही, या एका तत्त्वावर त्यांची अख्खी नोकरी निभावलेली. खरे प्रवाळ बघायला ते मालवणला जाऊन आले. १९८७पासूनचं सागरी अभयारण्य ते, तिथं म्हणे पाण्यातही हात मागे बांधून होते.

मग टाकीत जांभळं, पोपटी, शेंदरी जे काही डोलल्यासारखं दिसतं (डोलत नाही, पंपाच्या लाटेनं भास होतो) ते सगळं रेझिनचं. त्याच्यासाठी रोजचं कॅल्शियम, त्याच्यासाठी निळा दिवा, त्याच्यासाठी वीजबिल.

"कशाला एवढं?" असं विचारलं, तर काका चष्मा पुसत म्हणतात, "उद्या कायदा बदलला तर? तयारी नको का ओ?"

परवा एक पाहुणे टाकीसमोर बराच वेळ उभे होते. आधी त्यांनी "चिलापी नाही ठेवली का?" असं विचारलं. काकांनी ते गिळलं. मग त्यांनी काचेवर टिचकी मारली.

"हे प्लॅस्टिकचं दिसतंय की ओ!"

काका ताडकन उठले. "प्लॅस्टिक? इंपोर्टेड रेझिन आहे ते. बिल दाखवू?"