'का'ला पुन्हा अजगर होऊ द्या

रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये 'का' नावाचा अजगर मोगलीचा जीव वाचवतो. तो त्याला गिळायला टपलेला नसतो. हे साधं वाक्य आज एखाद्या शाळेच्या वर्गात म्हणून पाहा, मुलं तुम्हालाच खोटं पाडतील. दोष मुलांचा नाही. त्यांना ठाऊक असलेला 'का' १९६७ साली डिस्नेच्या स्टुडिओत जन्मला आणि त्याने १८९४ सालच्या मूळ 'का'ला सबंध गिळून टाकलं.

जुनी गोष्ट रंगमंचावर किंवा पडद्यावर आणायची तर काटछाट होणारच. पात्रं गळतात, प्रसंग पुढेमागे होतात, दोन तासांत पुस्तक मावत नाही. हे सगळं मान्य. पण मित्राला खलनायक करणं याला काटछाट म्हणत नाहीत. ती बदनामी आहे, आणि गेली पन्नासहून अधिक वर्षं आपण ती टाळ्या वाजवून पाहत आलो आहोत.

मूळ गोष्ट अशी. माकडांची टोळी मोगलीला पळवते आणि जंगलातल्या एका ओसाड, पडक्या नगरीत नेऊन ठेवते. बाळू अस्वल आणि बघीरा बिबळ्या हवालदिल होतात. माकडं शेंड्याशेंड्यांवरून पळतात, तिथे या दोघांचं काय चालणार? मग त्यांना आठवतो 'का'. तीस फूट लांब, नुकतीच कात टाकलेला, नव्या कातडीच्या रंगांवर खूश आणि भुकेला. माकडांनी तुला काय काय नावं ठेवलीत, हे ते दोघं त्याला ऐकवतात. एवढ्याने तो निघतो. पडक्या नगरीत बघीरा आणि बाळू माकडांच्या गर्दीत सापडतात, चावे खाऊन रक्तबंबाळ होतात, बघीराला तर जीव वाचवायला पाण्याच्या टाक्यात उडी घ्यावी लागते. तेवढ्यात 'का' पोहोचतो आणि लढाईचा रंग बदलतो. मोगलीला ज्या इमारतीत कोंडलेलं असतं तिची संगमरवरी जाळी तो डोक्याच्या धडकांनी फोडतो. आत नाग असतात. मोगलीने त्यांना त्यांच्याच भाषेत आपण एका रक्ताचे असल्याचं सांगितलेलं असतं, म्हणून ते त्याला डसलेले नसतात. मोगली बाहेर येऊन 'का'चे आभार मानतो, माझी शिकार यापुढे तुझी शिकार, असं वचन देतो. 'का' त्याच्या धैर्याचं आणि गोड जिभेचं कौतुक करतो.

आणि मग सांगतो, आता जा. पुढे जे होणार आहे ते तू बघू नयेस.

पुढे 'का' चंद्रप्रकाशात भुकेचं नृत्य सुरू करतो. वेटोळी, वळसे, आठाचे आकडे, न थांबता, न घाई करता. माकडं जागच्या जागी खिळतात. तो विचारतो, माझ्या हुकमाशिवाय हातपाय हलवू शकता का? ती म्हणतात, नाही. मग एक पाऊल जवळ या. सगळी माकडं एक पाऊल पुढे सरकतात. त्यांच्यासोबत बाळू आणि बघीराही सरकतात! जंगलाचा कायदा शिकवणारा गुरू आणि कुणालाही न घाबरणारा बिबळ्या, दोघंही आपल्याच मित्राच्या तोंडाकडे चालू लागतात. मोगली मात्र जागचा हलत नाही. तो माणसाचं पोर आहे, त्याला दिसतो तो धुळीत वळसे घेणारा म्हातारा अजगर आणि त्याचं धडकांनी सुजलेलं नाक. तो दोघांच्या खांद्यांवर हात ठेवतो आणि त्यांची भूल उतरते. बघीरा त्याला हात तसाच ठेवायला सांगतो, काढलास तर मी पुन्हा तिकडे जाईन म्हणतो.

बालसाहित्यात इतक्या ताकदीचं पान फार कमी वेळा लिहिलं गेलंय. पराक्रमी थोरांना एका लहान मुलाचा हात सावरून धरतो. ज्याने वाचवलं त्याच्याचपासून दूर व्हावं लागतं, तरी मैत्री तुटत नाही. सगळं संपल्यावर, इतक्या जखमा कुणामुळे झाल्या याची आठवण देऊन बघीरा मोगलीला मार देतो. मार संपतो, हिशेब मिटतो, पुन्हा कुणी तो विषय काढत नाही. हा सगळा पट 'का'शिवाय उभा राहत नाही.

डिस्नेच्या चित्रपटाने यातलं नेमकं काय उचललं? भूल. आणि ती घातली कुणावर? मोगलीवर. ज्या एका जीवावर 'का'ची मोहिनी चालत नाही, त्याच्याच डोळ्यांत रंगीत चक्रं फिरवली, तीही दोनदा. पुस्तकातल्या मोगलीची सर्वांत मोठी मिळकत अशी काढून घेतली. वॉल्ट डिस्नेने पटकथेवर बसलेल्या लॅरी क्लेमन्सच्या हातात पुस्तक दिलं आणि ते वाचू नकोस असं बजावलं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. आधी बिल पीटने मूळ पुस्तकाच्या जवळचा, गडद सूर असलेला आराखडा केला होता, तो बाजूला पडला आणि पीट स्टुडिओ सोडून गेला. मग अजगराच्या शेपटीला गाठी पडल्या, तो झाडावरून धपाधप आपटू लागला, आणि त्याला मिळाला स्टर्लिंग हॉलोवेचा मऊ, लाडिक आवाज. शेरमन बंधूंचं गाणं आलं, त्याची चाल मुळात 'मेरी पॉपिन्स'साठी केलेली आणि तिथे न वापरलेली. चित्रपट गोड आहे, संगीत झकास आहे, अॅनिमेशनमधल्या कारागिरीला तोड नाही. पण तो इतका लाडका झाला की मूळ गोष्टच त्याची अशुद्ध प्रत वाटू लागली. माझं भांडण आहे ते एवढ्याशीच.

त्याच सुमारास मॉस्कोत, १९६७ ते १९७१ या काळात, रोमन दाविदोव यांनी 'माउग्ली' ही पाच भागांची अॅनिमेशन मालिका केली. त्यात 'का' मोगलीचा मित्र आहे, भारदस्त आहे, माकडांसमोरचं त्याचं नृत्य अंगावर काटा आणतं. लहान मुलांनी ती पाहिली, कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणजे मुलांना झेपणार नाही ही सबब टिकत नाही.

आपल्याकडच्या एका पिढीला तर हे पटवून द्यायचीही गरज नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी बनावटीची बावन्न भागांची मालिका लागायची, गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजचं संगीत, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. त्यातला 'का' मोगलीच्या बाजूचा होता. आज चाळिशीत असलेल्या कित्येकांनी 'का'वर आधी विश्वास टाकला आणि मग मोठ्या पडद्यावर तो खलनायक झालेला पाहिला. तक्रार एवढीच की त्या मालिकेत 'का' फार निवला होता. त्याची भूक मागे पडली होती. खलनायक केला की अजगराचं मन जातं, नुसता काका केला की त्याचं पोट जातं. दोन्हीकडे अजगर जातोच.

२०१६ साली जॉन फॅवरोने लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, एक मुलगा सोडून बाकी जवळजवळ सगळं संगणकावर रंगवून, नवा 'जंगल बुक' काढला. त्याला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं आणि ते रास्त होतं. किपलिंगने न लिहिलेला, १९६७च्या चित्रपटापुरता घडवलेला ओरांगउटान राजा लुई त्यात होता, पण ओरांगउटान भारतात नसतात, हे या वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून त्याचा लुप्त झालेला महाकाय कपी केला. एका माकडासाठी प्राणिशास्त्राची एवढी काळजी! अजगरासाठी मात्र कुणी मूळ पान उलटलं नाही. 'का' मादी झाली, स्कार्लेट जोहानसनचा घोगरा, रेशमी आवाज आला, आणि मोगलीवर पुन्हा भूल. दोन वर्षांनी अँडी सर्किसच्या 'मोगली'त केट ब्लँचेटच्या आवाजातली 'का' जंगलाइतकी जुनी आणि जाणती आहे. निदान तिथे तिचं वय आणि दरारा परत आला.

'का'चं वय महत्त्वाचं आहे. दुसऱ्या 'जंगल बुक'मध्ये दख्खनच्या रानकुत्र्यांची झुंड सिवनीच्या जंगलावर चालून येते. लांडगे लढून मरायला तयार होतात. मोगली सल्ल्यासाठी जातो तो 'का'कडे. 'का' उत्तर देत नाही, बराच वेळ निश्चल पडून राहतो आणि अंड्यातून बाहेर आल्यापासून पाहिलेलं सगळं आठवत जातो. त्या आठवणींत त्याला सापडतो मधमाश्यांनी व्यापलेला वैनगंगेचा कडा. रानकुत्र्यांना तिथवर पळवत आणायचं आणि कड्यावरून नदीत उडी घ्यायची, हा बेत त्याचा. उडी मारलेल्या मोगलीला प्रवाहात सावरून धरणारं शरीरही त्याचंच. शेवटच्या गोष्टीत जंगल सोडताना मोगली रडतो तेव्हाही 'का' तिथे असतो, आणि कात टाकणं कठीणच असतं, हे त्याला सांगणारा तोच. इतकं आयुष्य असलेल्या पात्राच्या वाट्याला पडद्यावर एक गाणं आणि एक आपटणं यावं, हे मला सहन होत नाही.

मुलांच्या गोष्टीत सगळं सोपं हवं, असं निर्माते धरून चालतात. एक बाजू चांगली, एक वाईट, मध्ये कुणी नको. मुलांना मात्र हा मधला माणूस घरातच भेटलेला असतो. ज्याच्या मांडीवर बसायचं आणि ज्याच्या रागापासून लांबही राहायचं, असा एखादा आजोबा, मामा, शेजारी प्रत्येकाच्या बालपणात असतो. जवळचा माणूससुद्धा कधीकधी धोकादायक असतो, हे कळायला मूल तयार असतं. तयार नसतो तो तिकीट विकणारा.

आणखी एक नुकसान थेट शिवारातलं आहे. आपल्याकडे उसात, भातखाचरात अजगर निघाला की आधी काठी उगारली जाते, मग कुणी शहाणा असेल तर सर्पमित्राला फोन करतो. अजगर बिनविषारी आहे, उंदीर-घुशी खातो, मादी स्वतःचं अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. सिनेमामुळे साप मारले जातात असं मी म्हणत नाही, ती भीती सिनेमापेक्षा फार जुनी आहे. पण मुलाच्या मनात सापाविषयी आदर पेरणारी एक जगप्रसिद्ध गोष्ट आपल्या हाताशी होती, आणि तिची आपण उलटी प्रत वाटली.

म्हणून माझी आशा पडद्यापेक्षा रंगमंचावर आहे. तीस फुटांचा अजगर संगणकावर खवल्याखवल्यासकट काढला तरी तो चित्रच राहतो. रंगमंचावर तो माणसांचा करावा लागतो आणि तिथेच गंमत सुरू होते. नृत्यदिग्दर्शक अक्रम खान यांनी २०२२ साली 'जंगल बुक रीइमॅजिन्ड' केलं, त्यात 'का' उभा राहिला तो पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. खोक्यांची रांग वळसे घेऊ लागली की प्रेक्षक त्यात अजगर पाहतात. महाराष्ट्राला हे शिकायला परदेशी जायला नको. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढवलेला माणूस रात्रभर देव किंवा जनावर होतो आणि समोर बसलेलं पोर ते पुरतं मानतं. सुधा करमरकर, रत्नाकर मतकरी यांनी बालनाट्याची अशी परंपरा घडवली, जिच्यात चेटकीण आणि राक्षस बेधडक मंचावर आले आणि मुलांनी त्यांच्यावर जीव टाकला. त्या रंगभूमीला एक भुकेला अजगर जड जाऊ नये.

हे काम सर्वांत आधी कुणी करावं, याचं उत्तर नकाशातच आहे. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि खाली भंडारा, गडचिरोलीकडे उतरते. हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात आलं की इथे गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात, वडशाहून मंडळ्या निघतात, दंडारीचा ताल इथल्या पायांत आहे. प्रेक्षकांतल्या अनेकांनी अजगर, बिबट, अस्वल प्रत्यक्ष पाहिलेलं असतं, वाघाची भीती त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. किपलिंगने हे जंगल अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फात बसून, दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या आधाराने लिहिलं. तो मुंबईत जन्मला हे खरं, साम्राज्याची गुर्मी त्याच्या लेखणीत होती हेही खरं. गावकऱ्यांची त्याने रंगवलेली चित्रं आज जशीच्या तशी मंचावर आणू नयेत, ती बदलायलाच हवीत. ज्यांच्या रानाची ही गोष्ट, त्यांनी ती दुरुस्त करून सांगावी.

परवानगीचीही अडचण नाही. किपलिंग १९३६ साली वारला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं, त्यामुळे 'जंगल बुक' भारतात केव्हाच मोकळं झालेलं आहे. मोकळी नाहीत ती डिस्नेची गाणी आणि राजा लुई. तरी शाळांच्या स्नेहसंमेलनांत नेमकी तीच वाजतात, आणि फुकट मिळणारं मूळ सोनं कपाटात पडून राहतं.

नाटक बसवणाऱ्यांकडे माझं मागणं लहान आहे. दहा-बारा मुलं कमरेला कमर लावून 'का' करू देत, त्यांच्या पायांचा ठेका एक असू दे. नृत्याच्या वेळी संगीत बंद ठेवा, फक्त तो ठेका ऐकू येऊ द्या. बाळू आणि बघीराचं काम करणाऱ्यांनी खरोखर एकेक पाऊल पुढे सरकावं, विनोदी तोंड न करता. मोगलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची घाई करू नये, सभागृहातलं एखादं पोर ओरडून त्याला सांगेपर्यंत थांबावं. आणि माकडांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं तर खोटं सांगू नये.