तेजाबानं सोनं खाल्लं म्हणे!

"वहिनी, जरा भिंतीशी या ना! ऐकलंत का, त्या कोपऱ्यावरच्या आक्कांनी पाटल्या मोडल्या. तेव्हापासून गल्लीभर सांगत सुटल्यात, सराफानं तेजाबात घालून सोनं खाल्लं!"

"काहीतरीच! आमच्या सासऱ्यांची उभी हयात जळगावच्या सराफ बाजारात भट्टीपुढे गेली. नुसतं तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, सोन्याला शिवतसुद्धा नाही. त्यात तिप्पट हायड्रोक्लोरिक घातलं तरच सोनं विरघळतं. तेजाब खातं ते तांबं नि चांदी."

"मग वजन कमी भरलं ते?"

"पाटली 22 कॅरेटची ना? 10 ग्रॅममागं सोनं 9.16 ग्रॅम. बाकी तांबं-चांदी, पाटली टणक व्हावी म्हणून घातलेलं. चोख करताना ते जाणारच. आक्कांनी आयुष्यभर तांबंही सोन्याच्या भावानं मोजलं, त्याला सराफ काय करणार?"

"काय सांगी राहिनी वं माय!"

"आलं धुळ्याचं माहेर तोंडात! पुढं ऐका. पाटली तशीच तेजाबात टाकली तर आतलं तांबं बाहेरच येत नाही, सोनं त्याला दडवून बसतं. म्हणून सासरे आधी तीत चांदी मिसळून आटवायचे, सोनं चौथाईवर आणायचे. मग तेजाबात उकळलं की चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी सोनं उरतं. पण कसं? तपकिरी, ओल्या मातीसारखं! नवी सून आले तेव्हा मला तो कचराच वाटला होता. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. पट्टीवर चांदीची करडी लव धरते, पाणी निळं होत जातं."

"मोरचुदासारखं?"

"रंग तसाच, पण मोरचूद गंधकाम्लाचं. थंड, पातळ गंधकाम्लात तांबं ढिम्म पडून राहतं."

"साक्रीला आमचा भाऊ डाळिंबावर मोरचूद-चुना फवारतो. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. आधी विळा बुडवून बघतो."

"बरोबर. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तशीच फवारणी केली तर पानं करपतात."

"मी म्हणत होते, हंडा काळा पडलाय, तुमच्याकडचं थोडं तेजाब…"

"नाव काढू नका! तांब्यावर पडलं की लालसर धूर सुटतो. तेव्हा नुसता ठसका लागतो, माणूस चहा पिऊन झोपतो आणि काही तासांनी छातीत पाणी भरतं. सासरे भट्टीची दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायचे, आम्हा बायकांना अंगणातसुद्धा थांबू द्यायचे नाहीत. हंड्याला चिंच-मीठ लावा. आणि आक्कांना सांगा, पुढच्या वेळी मोड देताना आधी कॅरेट तपासून घ्या, पावतीवर चोख सोन्याचं वजन लिहून घ्या, मग भाव विचारा."